फर्ग्युसनचे बाक आणि पुढारीपण

डॉ. स्टॅन्ले वॉल्पर्ट यांचा 'टिळक अँड गोखले' हा इंग्रजी ग्रंथ १९६२ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठानें प्रसिद्ध केला. त्यास साठांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी महाराष्ट्रांतील पुढारीपणाविषयीं बोलणें निघालें कीं त्यांतली मांडणी आपण नकळत गृहीत धरितों: एक मार्ग क्रांतीचा, दुसरा सुधारणेचा. एकास मोठें करण्यासाठीं दुसऱ्यास लहान करण्याची आपल्याकडील खोड या परदेशीय प्राध्यापकानें टाळली, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. आमचा आक्षेप निराळा आहे.

हे दोघेहि आधीं मास्तर होते. पाऊणशें रुपयांवर वीस वर्षें शिकविण्याचें व्रत घेणारी मंडळी ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटींत जमली, तिचें फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं निघालें. आजीव सभासदांनीं बाहेर पैसा मिळवावा कीं नाहीं, हा वाद विकोपास जाऊन १८९० सालीं टिळक बाहेर पडले. त्यांच्या गणिताच्या जागीं पुढच्या वर्षीं धोंडो केशव कर्वे आले. ही शिक्षकांची कथा सर्वांस ठाऊक आहे. पण समोरच्या बाकांवर कोण बसलें होतें?

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं स्पष्ट सांगितलें होतें कीं, रयतेच्या करांतून आलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो व रयत निरक्षर राहते. तीन वर्षांनीं निघालेल्या कॉलेजांत कोणाचीं मुलें भरलीं, हें निराळें सांगावयास नको. तरीहि १८९३ सालीं जमखंडीहून विठ्ठल रामजी शिंदे तेथें आले आणि १८९८ सालीं बी. ए. झाले, गोखले त्या वेळीं तेथेंच शिकवीत होते. पुढें १९०६ सालीं शिंद्यांनीं अस्पृश्यांसाठीं मिशन काढलें. तें कोणत्या रकान्यांत घालावयाचें? 'सुधारणा' म्हणून मोकळें होणें सोपें आहे; परंतु कायदेमंडळांतील भाषणांनीं होणारी सुधारणा आणि घरच्या माणसांसह अस्पृश्यांच्या सेवेस वाहून घेणें, यांस एकच नांव कसें द्यावें?

दुसरा प्रसंग १९०५ चा. परदेशी कापडाच्या होळीबद्दल प्रिन्सिपॉल परांजपे यांनीं विनायकराव सावरकर या विद्यार्थ्यास दहा रुपये दंड केला व वसतिगृहांतून काढलें. 'केसरी'नें परांजप्यांस धारेवर धरलें. गोखल्यांचा शिष्य टिळकांच्या अनुयायास शिक्षा करतो, असें म्हटलें कीं वॉल्पर्ट यांची चौकट येथें अगदीं चपखल बसते! मात्र दंड करणारे रँग्लरहि त्याच कॉलेजचे विद्यार्थी होते, हें त्या चौकटींत दिसत नाहीं.

परांजपे व शिंदे थोड्याच वर्षांच्या अंतरानें या कॉलेजांतून बाहेर पडले. एकास केंब्रिज लाभलें, दुसऱ्यास ऑक्सफर्ड. एक परत येऊन प्रिन्सिपॉल झाले, दुसरे अस्पृश्यांच्या वस्तींत गेले. त्यांत कॉलेजनें काय दिलें आणि घरानें व जातीनें काय दिलें, हा प्रश्न दोन थोर पुढाऱ्यांच्या तुलनेंत शिरण्यास वावच नाहीं.