तैलचित्रें आणि नांवाची ओळ

प्रांतांतील कीर्तिवंतांचीं तैलचित्रें सभागृहांत समारंभपूर्वक लावण्याची चाल स्तुत्यच आहे. धरमपेठेंतील अशा एका समारंभास आम्ही नुकतेच उपस्थित होतों. (संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं.) पडदा दूर झाला, हार घातले गेले, गौरवपर भाषणें झालीं. मंडळी चहास गेल्यावर आम्ही भिंतीवरील जुनीं चित्रें पाहूं लागलों, तों तिघांच्या चौकटीखालीं नांवच नाहीं. चिटणिसांस विचारलें, त्यांनीं शिपायास विचारलें, शिपाई नवा होता.

भासाच्या प्रतिमानाटकांत असाच प्रसंग आहे. प्रतिमागृहांतील आपल्याच पूर्वजांच्या मूर्ति भरतास ओळखतां येत नाहींत. देवकुलिक नांवें सांगतो, आणि तेथें दशरथाचीहि मूर्ति आहे यावरून पिता निवर्तल्याचें त्यास कळतें. तेथें सांगणारा तरी जागेवर होता!

आपल्या महाराष्ट्रांतील दाखला नाणेघाटाचा. जुन्नरहून कोंकणांत उतरणाऱ्या या घाटांतील लेण्यांत सातवाहन कुळाच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या नष्ट झाल्या. परंतु वरील ब्राह्मी नामलेख राहिले, म्हणून सिमुक, सातकर्णि व नायनिका यांच्या जागा आज दाखवितां येतात. महारठि त्रणकयिर याच्या लेखांत मात्र नातें दिलेलें नाहीं. तो नायनिकेचा पिता असावा असा तर्क करावा लागतो. एका शब्दाच्या काटकसरीनें विद्वानांस केवढें काम लागलें! धरमपेठेंत स्थिति उलट आहे. चेहरे शाबूत, नांवें गेलेलीं.

नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांचा वाकाटकांच्या लेखांचा संग्रह १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ताम्रपट कोठें सांपडला, पत्रे किती, हें आधीं येतें आणि वाचन मागून. तैलचित्रासहि हाच न्याय लावावा. चित्रकार कोण, त्याच्यासमोर प्रत्यक्ष व्यक्ति होती कीं छायाचित्र, निवडीचा ठराव कोणत्या तारखेचा, हें चौकटीच्या पाठीमागें शाईनें लिहावें. भाषणें लांबलीं याबद्दल आमची तक्रार नाहीं. त्यांतील कित्येक आठवणी अन्यत्र मिळणाऱ्या नव्हत्या, आणि त्या कोणी टिपून घेत नव्हतें, ही तक्रार आहे.

त्याच सभागृहांतील एका जुन्या अनावरणाची निमंत्रणपत्रिका आमच्या संग्रहीं आहे. तींत वार आहे, वेळ आहे, अध्यक्षांचें नांव ठळक टाइपांत आहे; वर्ष नाहीं. वाचकांपैकीं कोणापाशीं तारीख घातलेली प्रत असल्यास कृपा करून कळवावें.