ख्रिस्ती उपासनेतील कला

ख्रिस्ती उपासनेतील कला : ख्रिस्ती मंडळीच्या सामुदायिक उपासनेत योजल्या जाणाऱ्या काव्य, संगीत, चित्र, मूर्ती, वास्तू इ. कलांचा या संज्ञेत अंतर्भाव होतो. उपासनेतील कला आणि केवळ धार्मिक विषयावरील कला यांत भेद करणे आवश्यक आहे. येशूच्या जीवनावरील एखादे चित्र संग्रहालयात असू शकते. त्यास प्रेक्षक असतो. उपासनेतील कलेस प्रेक्षक नसतो, सहभागी उपासक असतो. त्यामुळे तिचे मूल्यमापन करताना कलाकृतीच्या गुणवत्तेबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : मंडळीने ती आपली म्हणून स्वीकारली काय? मराठी ख्रिस्ती परंपरेस हा निकष लावल्यास शब्द व सूर यांच्या कलांनी जे साधले, ते चित्र व वास्तू यांना त्या प्रमाणात साधले नाही, असे दिसून येते. या तफावतीची कारणे कलावंतांच्या कुवतीत नसून कलांच्या सामाजिक आधारात आहेत.

कलेस उपासनेत कोणते स्थान द्यावे, हा वाद ख्रिस्ती धर्मात प्राचीन आहे. इ. स. ६०० च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याने चर्चमधील चित्रांचे समर्थन करताना निरक्षरांचा ग्रंथ या दृष्टीने त्यांकडे पाहिले. आठव्या शतकात बायझंटिन साम्राज्यात मूर्तिभंजनाची चळवळ उसळली. ७८७ च्या दुसऱ्या नायसिया परिषदेने पवित्र प्रतिमांना आदर दाखविण्यास मान्यता दिली. मात्र आराधना केवळ ईश्वराची, हेही स्पष्ट केले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने हा वाद पुन्हा जागा केला. मार्टिन ल्यूथरने लोकभाषेतील गीतगायनास उपासनेत मानाचे स्थान दिले, तर जॉन कॅल्व्हिनने चित्रे व वाद्ये वर्ज्य करून स्तोत्रांचे साधे गायन तेवढे राखले. या दोन्ही प्रवाहांचे वारस असलेले मिशनरी पुढे महाराष्ट्रात आले. कॅथलिक परंपरा वेदी, मूर्ती व विधी घेऊन आली आणि प्रॉटेस्टंट परंपरा ग्रंथ व गीत घेऊन आली, असे स्थूलमानाने म्हणता येईल. तथापि मराठीपुरता या विभागणीस पहिला व ठळक अपवाद एका जेझुइटानेच घडविला.

फादर टॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्यात बायबलमधील कथा दोन पुराणांत विभागून सांगितली आहे. नवख्रिस्ती लोक आपल्या पूर्वीच्या पुराणांना मुकले होते. ती उणीव भरून काढणे हा या रचनेचा हेतू होता आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे ते वाचले जावे अशी योजना होती. स्टीफन्स यांनी स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटले; परंतु बाप्तिस्मा, क्रूस यांसारख्या धर्मविधीच्या मर्मस्थानी युरोपीय शब्दच ठेवले. काय बदलावे आणि काय बदलू नये, याचा विवेक या निवडीत दिसतो. छंद, दृष्टांत व निसर्गवर्णने मराठी आहेत. श्रद्धेचा गाभा मात्र रोमचा आहे. या काव्याच्या १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला आणि या परंपरेचा राजाश्रय संपला. तरीही ख्रिस्तपुराण हस्तलिखितांच्या रूपाने टिकून राहिले व १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. सत्तेचा आधार गेल्यावरही जी कला लोकांच्या घरांत जगते, ती खऱ्या अर्थाने उपासनेची कला होय.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आरंभी इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते प्रचारात होती. मराठीतील लघुगुरूंची मांडणी त्या चालींत ओढाताणीने बसे आणि अर्थाचा भार भलत्याच अक्षरावर पडे. अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथील क्षेत्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर उपाय निघाला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या गीतकारांनी देशी रागदारीत व जातिवृत्तांत पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तनास चालना दिली. पूर्वरंग, आख्यान, मधूनमधून येणारी पदे व झांजेचा ठेका ही मांडणी श्रोत्यांच्या परिचयाची होती. या मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. गावच्या देवळात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्याकडे भजनाचा वारसा मात्र होता. चोखामेळ्याचे अभंग त्यांच्याच परंपरेतले. त्यामुळे भजन हे त्यांच्यावर वरून लादलेले रूप नव्हते. आपल्याच मालकीची गोष्ट त्यांना नव्या अर्थासह परत मिळाली होती.

या प्रयत्नांस रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी उंची दिली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच ते कवी होते. तुकारामांच्या अभंगवाणीतून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. अभंगाचा घाट, अखेरच्या चरणातील ‘दास’ ही नाममुद्रा आणि देवाशी केलेली सलगी ही वारकरी वैशिष्ट्ये त्यांच्या भजनांत सहजपणे येतात. टिळकांच्या भजनांतील येशू हा दूरचा न्यायाधीश नाही. तो गुरू आणि माउली आहे. त्यांच्या विरोधकांनी या भक्तिरसामुळे ख्रिस्ती सिद्धांत सैल होतो, असा आक्षेप घेतला. या आक्षेपात तथ्यांश आहे. भजनाच्या भावावेगात पाप, प्रायश्चित्त व पुनरुत्थान यांविषयीची शिकवण कधीकधी मागे पडते. परंतु ती शिकवण देण्यासाठी उपासनेत वाचन व प्रवचन हे अन्य घटक असतातच. गीताचे कार्य शिकवलेल्या गोष्टीस हृदयाचा होकार मिळवून देणे हे आहे. या कसोटीवर टिळकांची भजने उतरतात. उपासना संगीत या गीतसंग्रहाद्वारे ती पंथभेद ओलांडून मराठी मंडळ्यांत गायिली जातात.

टिळकांच्या यशाचे दुसरे कारण असे, की ते मराठी काव्याच्या मुख्य प्रवाहातच होते. जळगाव येथे १९०७ मध्ये भरलेल्या कविसंमेलनास ते उपस्थित होते. तेथेच खानदेशातील धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे हे ‘बालकवी’ म्हणून पुढे आले व नंतर काही काळ टिळकांच्या घरी राहिले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु ज्या घरात भजने रचली जात होती, त्याच घरात मराठी निसर्गकवितेचाही पोष होत होता. उपासनेची भाषा आणि साहित्याची भाषा यांत तेथे भिंत नव्हती. ही भिंत जेथे उभी राहते, तेथे उपासनेची भाषा भाषांतराची भाषा बनते, हे टिळकांपूर्वीच्या व नंतरच्या अनेक गीतांवरून दिसते.

दृश्यकलांची कथा वेगळी आहे. गोव्यातील चर्चच्या कोरीव वेद्यांवर स्थानिक कारागिरांचा हात फिरला आहे. पण एकंदर आराखडा युरोपीय राहिला. पुण्यातील पवित्र नाम देवालय (१८८५) हे पंचहौद भागातील मंदिर व त्याचा स्वतंत्र घंटामनोरा इटालियन धर्तीचा आहे. ख्रिस्ती विषयास भारतीय रूप देण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न अँजेलो द फोन्सेका (१९०२-६७) यांनी केला. गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेतले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केले. त्यांच्या चित्रांतील मरिया साडी नेसलेली, येथल्या मातीतली स्त्री आहे. या शैलीचे एक मूळ खानदेशाच्या उंबरठ्यावर आहे. नंदलाल बोस यांनी १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकाबरोबर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या आणि अजिंठ्याची लयदार रेषा बंगाल संप्रदायात रुजली होती. पाचोरा-जामनेर या अरुंदमापी लोहमार्गावरील पहूर स्थानकावरून प्रवासी या लेण्यांकडे जात असत. अशा रीतीने पाचोऱ्याच्या परिसरातील बौद्ध उपासनेची रेषा शांतिनिकेतनामार्गे पुण्याच्या ख्रिस्ती आश्रमात पोहोचली.

फोन्सेका यांच्या चित्रांतील संयम व करुणा वादातीत आहेत. परंतु गोव्यात त्यांना विरोध झाला आणि त्यांची चित्रे धर्मग्रामांच्या वेदींवर फारशी गेली नाहीत. ती आश्रमात, प्रदर्शनांत व पुढे गोव्याच्या झेव्हियर इतिहास संशोधन केंद्राच्या संग्रहात राहिली. याचे कारण चित्राच्या स्वरूपातच आहे. भजन तोंडपाठ होते व शेतात, घरात, प्रवासात बरोबर जाते. त्यास कोणाची परवानगी लागत नाही. वेदीवरील चित्रास पैसा, जागा व धर्माधिकाऱ्यांची संमती लागते. शिवाय गाणारा माणूस गीत स्वतः घडवीत असतो, तर चित्र त्याच्यापुढे तयार होऊन येते. त्यामुळे सामान्य उपासकास प्लॅस्टरची युरोपीय मूर्ती परिचित वाटते व साडीतील मरिया परकी वाटते, असा विपर्यास घडतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान मान्य करून लोकभाषा, देशी संगीत व देशी कला यांना वाव दिला. भारतासाठी १९६९ मध्ये बारा सुधारणा मंजूर झाल्या. त्यांत अंजलिमुद्रा, जमिनीवर बैठक, आरती इत्यादींचा समावेश होता. या सुधारणांवर दोन बाजूंनी टीका झाली. काहींना त्या हिंदू विधींचे अनुकरण वाटल्या; दलित ख्रिस्ती विचारवंतांना त्या भारतीयत्वाच्या नावाखाली उच्चवर्णीय संस्कृतीचा स्वीकार वाटल्या. दुसरी टीका अधिक मूलगामी आहे. देशी कला म्हणजे कोणाची कला, हा प्रश्न ती विचारते.

खानदेशात हा प्रश्न आजही जिवंत आहे. तेथील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत साधी उपासनागृहे, पेटी, तबला व मराठी गीते असा प्रघात आहे. परंतु नवापूर-नंदुरबारकडील मावची किंवा भिल्ल ख्रिस्ती उपासकाची मातृभाषा मराठी नाही. अहमदनगरात जो अभंग आपला ठरला, तोच त्याच्यासाठी दुसऱ्या प्रदेशातून आलेले रूप असू शकतो. स्टीफन्स व टिळक यांचा वारसा म्हणजे ओवी आणि अभंग सर्वत्र नेणे नव्हे. प्रत्येक मंडळीस तिच्याच ओठांवरच्या छंदात बोलू देणे, हा तो वारसा आहे. उपासनेतील कलेचे यश अखेरीस एकाच गोष्टीवरून मोजावे लागते : मिशनरी, कवी वा चित्रकार निघून गेल्यावरही मंडळी ती कला स्वतःच्या गरजेपोटी चालू ठेवते किंवा नाही.