नावात समाजवाद, कलमांत काय?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण मित्राने विचारलं होतं, "हिटलरच्या पक्षाच्या नावातच समाजवाद आहे, कामगारही आहे. मग त्याला उजवा का म्हणायचं?" वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही 'नावावर जाऊ नका' एवढं बोलून विषय मिटवला. घरी जाताना चुटपुट लागली. हे काही उत्तर झालं नाही. लोक नावावर जातात, म्हणून तर पक्ष विचार करून नावं ठेवतात. तेव्हा आज आधी त्या पक्षाचा जाहीरनामाच वाचू.

२४ फेब्रुवारी १९२० रोजी म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये हिटलरने २५ कलमं वाचून दाखवली. ती चाळली तर आपला मित्र अगदीच चुकीचं बोलत नव्हता असं दिसतं. १३वं कलम मोठ्या ट्रस्टांच्या राष्ट्रीयीकरणाचं, १४वं बड्या उद्योगांच्या नफ्यात वाटा देण्याचं, १७वं सार्वजनिक कामासाठी भरपाई न देता जमीन घेण्याचं. एखाद्या डाव्या सभेत खपून जावं असंच हे सगळं आहे. पण त्याच कागदावर वर चौथं कलम आहे: ज्याच्या अंगात जर्मन रक्त तोच नागरिक, ज्यू नागरिक होऊच शकत नाही.

आता यातलं प्रत्यक्षात काय उतरलं ते बघा. १७व्या कलमाने जमीनदार बिचकले, तेव्हा १९२८ साली हिटलरने खुलासा काढला की आम्ही खाजगी मालमत्ता मानतो आणि हे कलम फक्त ज्यूंच्या जमीन-सट्टेबाज कंपन्यांसाठी आहे. गंमत म्हणजे हा कार्यक्रम बदलता येणार नाही असं दोनच वर्षांपूर्वी ठरलं होतं! १३व्या कलमाचं तर उलटंच झालं. मंदीत सरकारच्या हाती आलेले बड्या बँकांचे आणि पोलाद कंपनीचे शेअर नाझी सरकारने १९३६-३७च्या सुमारास पुन्हा खाजगी हातांत दिले. चौथं कलम मात्र १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी अक्षरशः अमलात आलं. कलमं २५, पण मनापासूनची कोणती हे यावरून कळतं.

पक्षात समाजवाद गंभीरपणे घेणारे कोणीच नव्हते असं मात्र आम्ही म्हणणार नाही. स्ट्रासर बंधू होते. ऑटो १९३० साली बाहेर पडला. ग्रेगॉर ३० जून १९३४ला मारला गेला, तोही स्वतःच्याच सरकारकडून.

पण खरी कसोटी कामगारांची. १९३३ साली हिटलरने १ मे ही भरपगारी राष्ट्रीय सुट्टी केली. ज्या सुट्टीसाठी कामगार चळवळ इतकी वर्षं झगडली ती आयती पदरात पडली. संघटनांच्या पुढाऱ्यांना वाटलं, जरा जुळवून घेतलं तर निभावेल. त्यांनी आपल्या सभासदांना त्या समारंभात सामील व्हायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, २ मेला, देशभरातल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या, निधी जप्त झाला, पुढाऱ्यांना अटक झाली. आदल्या दिवशी झेंड्याखाली चाललेल्या त्या माणसांचं काय झालं असेल, याचा विचार आम्हाला आजही अस्वस्थ करतो. जानेवारी १९३४च्या कायद्याने मालकाला कारखान्याचा 'नेता' आणि कामगारांना त्याचे 'अनुयायी' ठरवलं. संप गेला, मजुरीची सामूहिक वाटाघाट गेली. फोक्सवॅगनसाठी आठवड्याला पाच मार्क भरणाऱ्या लाखो लोकांपैकी त्या योजनेत एकालाही गाडी मिळाली नाही. ती गोष्ट इथे सविस्तर सांगत बसत नाही.

मग नाझी म्हणजे भांडवलदारांचं बाहुलं, असं म्हणून मोकळं व्हावं का? तेही आम्हाला पटत नाही. १९३५ साली दिमित्रोव्हने फॅसिझमची व्याख्या वित्तीय भांडवलाची उघड दहशती सत्ता अशी केली. व्याख्या सुटसुटीत आहे, पण अपुरी. विमानं बनवणाऱ्या ह्यूगो युंकर्सवर दबाव आणून त्याच्या कंपन्या सरकारने काढून घेतल्या. १९३६ नंतर किमती, कच्चा माल, परकीय चलन सगळ्यावर सरकारी अंकुश होता. नफा मालकाचा, पण उत्पादन कशाचं करायचं याचा शब्द सरकारचा. हायेकसारखे लोक इथेच बोट ठेवतात, आणि बोट ठेवायला जागा आहे, हे मान्य केलं पाहिजे. मात्र सरकारी अंकुश म्हणजे समाजवाद असं धरलं तर युद्धकाळातलं चर्चिलचं ब्रिटनही समाजवादी ठरेल. अंकुश कशासाठी, हा प्रश्न उरतोच. इथे तो शस्त्रांसाठी होता.

म्हणून आम्ही नाझींना फॅसिझमच्या घरातलंच मानतो: एकच नेता, एकच पक्ष, वर्गाऐवजी राष्ट्र, आणि पहिला वार डाव्यांवर. मार्च १९३३मध्ये डाखाउची छावणी उघडली तेव्हा आत गेलेले बहुतेक कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅटच होते. त्याच आठवड्यात हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध सोशल डेमोक्रॅटांनी ९४ मतं टाकली. कम्युनिस्ट सभासदांना तर सभागृहात येऊच दिलं नव्हतं. एकमेकांना शत्रू मानणारे हे दोन पक्ष कोठडीत मात्र एकत्र आले.

पण घर तेच असलं तरी खोली वेगळी. मुसोलिनी एकेकाळी समाजवादी वृत्तपत्राचा संपादक. त्याच्याकडे सत्ता १९२२ला आली, ज्यूविरोधी वंशकायदे १९३८ला. हिटलरकडे वंश पहिल्या दिवसापासून, चौथ्या कलमात. नोव्हेंबर १९३८मध्ये ज्यूंची दुकानं फोडली गेली, आणि नुकसान सोसलेल्या ज्यू समाजावरच एक अब्ज मार्कांचा दंड बसला. त्यांचे धंदे जे जर्मन खरेदीदार मातीमोलाने घेत होते, त्यातल्या कुणाला ती मालमत्ता समाजाची करावी असं वाटल्याचं आमच्या तरी वाचनात नाही.