कंट्री ब्लूजची तालीम

मिसिसिपीच्या डेल्टा प्रदेशात, कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या वस्त्यांत, एकट्याच्या कंठाची आणि एकट्याच्या गिटारची, कंट्री ब्लूजची, जी गायकी विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आली, तिची तालीम प्रत्यक्ष सहवासातच होत असे. हाउलिन वुल्फ डॉकरीच्या मळ्यावरील चार्ली पॅटनपाशी शिकला, तर सन हाउसचे वादन रॉबर्ट जॉन्सनने कोवळ्या वयात समोर बसून ऐकले. १९२६ मध्ये ब्लाइंड लेमन जेफरसनच्या तबकड्या खपू लागल्या आणि ही विद्या बाजारात आली. परंतु मंदीने तो व्यापार बसला, गायक विस्मृतीत गेले, आणि पुढील पिढीस तबकडी हाच गुरू करावा लागला.

या गुरूचे सामर्थ्य १९६४ साली सिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे शोधून काढलेल्या सन हाउसने वादन केव्हाच सोडून दिले होते, तेव्हा विशीतल्या अ‍ॅलन विल्सनने, तबकड्यांवरून आत्मसात केलेली त्याचीच गाणी त्याला वाजवून दाखवून, त्याच्या हाती पुन्हा दिली. शिष्याने गुरूस त्याचीच विद्या परत करावी, याहून तबकडीच्या उपकाराचा मोठा दाखला कोणता?

तथापि तबकडीची मर्यादाही तिच्यातच नमूद आहे. जॉन्सनने १९३६ मध्ये सॅन अँटोनियोत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये एकूण २९ गाणी मुद्रित केली; त्यांपैकी काहींची दोन-दोन मुद्रणे उपलब्ध असून ती परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. अंगठ्याने खर्जाची लय धरावयाची, उरलेल्या बोटांनी वरच्या तारांवर कंठास उत्तर द्यावयाचे, आणि ओळ लांबली तर आवर्तनही तिच्याबरोबर लांबू द्यावयाचे, हा या कलेचा प्राण आहे. आजचा विद्यार्थी मात्र एका मुद्रणास प्रमाणग्रंथ मानतो आणि तारांवरील पडद्यांचे आकडे छापलेल्या लिपीतून प्रत्येक स्वर जसाच्या तसा उतरवितो. त्याची बोटे पूर्वीच्या अनेकांहून निर्दोष चालतात. पण साऱ्यांचे वादन एकमेकांसारखे होत जाते, आणि गाणे गिटारच्या मागून फरफटत येते.

आशेला जागा आहे ती, आधी गाणे आणि मग गिटार, याच निकषावर. मिसिसिपीतील बेंटोनिया गावात, आईवडिलांनी १९४८ मध्ये उघडलेले ब्लू फ्रंट कॅफे चालविणाऱ्या जिमी ‘डक’ होम्स यांना त्या गावची सुरावट जॅक ओवेन्ससारख्या वडीलधाऱ्यांकडून हातोहात मिळाली. जॉर्जियाचा जॉन्टेव्हियस विलिस लहानपणी चर्चमध्ये गात वाढला आणि गिटारकडे नंतर वळला. या दोघांच्या वादनात आधी मनुष्य बोलतो.

म्हणून या मार्गावर नव्याने येणाऱ्याने तबकडी अवश्य ऐकावी, परंतु एका गाण्याची जितकी मुद्रणे मिळतील तितकी शेजारी-शेजारी ठेवून ऐकावी, प्रथम ते गाणे स्वतःच्या आवाजात म्हणावे, आणि मगच गिटारला हात घालावा. कारण पूर्वसूरींनी मागे ठेवलेल्या या दस्तऐवजात त्यांनी स्वतः घेतलेले स्वातंत्र्यही नोंदलेले आहे, आणि ते ज्याने उचलले नाही त्याने वारशाचा अर्धाच ताबा घेतला.