रिकामे सिनेगॉग: आल्टडोर्फरची दोन छापचित्रे

ज्यूंच्या हद्दपारीविषयी वाचताना एक चित्र तुमच्यासमोर कधीतरी येईलच. खांबांची रांग, कमानदार छत, मध्यभागी तोरावाचनाचा चौथरा, आणि माणूस एकही नाही. रेगेन्सबुर्ग या जर्मन शहरातील सिनेगॉगचे हे एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा उठवून केलेले छापचित्र, आल्ब्रेख्त आल्टडोर्फर याने १५१९ मध्ये केले. प्रवेशदालनाचे दुसरे चित्रही त्याचेच.

या चित्रातील शांतता पाहून चित्रकाराला हळहळ वाटली असावी, असे आपण सहज म्हणून जातो. मात्र घाई करू नका. आधी तो कोण होता ते पाहा. आल्टडोर्फर नगरपरिषदेचा सभासद होता. सिनेगॉग रिकामे करायला दोन तास आणि शहर सोडायला पाच दिवस, हा निरोप ज्यूंना कळवणाऱ्यांत तो स्वतः होता.

हद्दपारी नेमकी तेव्हाच का झाली? ज्यू सम्राटाला कर देत आणि त्याच्या संरक्षणाखाली राहत. १४७६ मध्ये बालहत्येच्या खोट्या आरोपाखाली इथल्या ज्यूंना कैद झाली, तेव्हा सम्राट तिसरा फ्रेडरिक आड आला. पुढे बाल्थाझार हुबमायर या धर्मोपदेशकाने प्रवचनांतून वातावरण तापवले. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियन वारला. नवा सम्राट निवडला जाण्यापूर्वीच, फेब्रुवारीत, परिषदेने डाव साधला.

आता चित्रावरील लॅटिन मजकूर वाचा. ईश्वराच्या न्याय्य निवाड्याने हे सिनेगॉग जमीनदोस्त झाले, असे तो सांगतो. चित्रात इमारत धड उभी आहे, शब्दांत ती केव्हाच पडली आहे. पाडणारे हात मजकुरात कुठेच नाहीत. सगळे ईश्वराच्या नावावर! माझ्या मते या चित्राची खरी भाषा इथे आहे, छायाप्रकाशात नाही. पाडलेल्या जागी मेरीचे चॅपेल उभे राहिले, यात्रेकरूंची रीघ लागली, आणि त्या मेरीची छापचित्रेही आल्टडोर्फरनेच केली.

तरीही हे एचिंग बाजूला टाकता येत नाही, हीच खरी अडचण आहे. ते सिनेगॉग आतून कसे दिसत होते हे आपल्याला पाडणाऱ्यांच्याच नजरेतून दिसते. दालनाच्या चित्रात मात्र दोन माणसे आहेत. एकाच्या हातात ग्रंथ आहे. त्यांचे चेहरे वाचता येत नाहीत.