माशांची टाकी आणि शुद्धीकरणाची घाई

शाळेच्या व्हरांड्यात काचेची टाकी येते. मुले हौसेने गप्पी, गोल्डफिश आणतात. आठवड्याभरात एकेक मासा मरून वर तरंगू लागतो आणि निदान ठरलेले असते : "पाणी शुद्ध नव्हते." मग 'आरओ'चे पाणी भरायचे ठरते. ते संथपणे जमते, म्हणून पुढचा प्रश्न : हे शुद्धीकरण लवकर कसे करावे? घरी मासे पाळणारेही हेच विचारतात. माझ्या मते प्रश्नाची मांडणीच चुकीची आहे. पाणी कशापासून शुद्ध करायचे, हे आधी ठरायला हवे. टाकीच्या बाबतीत या एका शब्दाखाली तीन वेगळ्या क्रिया दडल्या आहेत आणि तिघींचा वेग वेगळा आहे.

पहिली, क्लोरीन घालवणे. पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. एवढ्याने आपल्याला अपाय होत नाही. मासा मात्र तेच पाणी सतत कल्ल्यांवरून फिरवतो आणि तेथील नाजूक पेशींना इजा होते. 'पाणी रात्रभर ठेवा' हा सल्ला येथून आला. तो चूक नाही, पण अपुरा आहे. अरुंद तोंडाच्या झाकलेल्या घागरीतून क्लोरीन सावकाश जातो. उन्हातल्या परातीतून तो फार लवकर जातो, कारण पृष्ठभाग मोठा आणि सूर्यप्रकाशाने क्लोरीनचे विघटनही होते. ऑर्थोटोलिडीनच्या पिवळ्या रंगाची चाचणी पाणीपुरवठ्यात रुळलेली आहे. ती दर अर्ध्या तासाने करून आठवी-नववीच्या मुलांना हा फरक पाहता येईल. (द्रावण विषारी आहे, ते शिक्षकांनीच हाताळावे.)

याहून घाई असेल तर प्रयोगशाळेतील सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोग्राफर वापरत तो हायपो, काही मिनिटांत काम करतो. १ मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे ७ मिलिग्रॅम हायपोचे स्फटिक लागतात. ५० लिटर पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन असेल, तर एकूण २५ मिलिग्रॅम क्लोरीनसाठी १७५ मिलिग्रॅम हायपो. १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम हायपो विरघळवला, तर या द्रावणाचे साडेसतरा मिलिलिटर पुरतात. येथे घाई करणे शक्य आहे आणि योग्यही.

दुसरी क्रिया, विरघळलेले क्षार काढणे. आरओ यंत्र हे करते. त्याचा वेग पाण्याच्या दाबावर आणि तापमानावर ठरतो. तापमान एक अंशाने उतरले की पाण्याचा प्रवाह साधारण ३ टक्क्यांनी घटतो. नाशिकच्या थंडीत यंत्र मंदावते ते यामुळे. दाब वाढवणारा पंप बसवणे आणि आधीच्या गाळण्या वेळेवर बदलणे हे रास्त उपाय. काही जण मात्र सांडपाण्याची नळी आवळतात. त्याने क्षार पटलावरच साचतात आणि पटल लवकर निकामी होते.

पण मुळात हे करावेच कशाला? नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी मिळते. पावसाच्या या साठ्यात क्षार फारसे नसतात. बेसॉल्ट खडकातील बोअरचे पाणी जड असू शकते, पण गप्पीला थोडे जड पाणीच मानवते. उलट आरओच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ उरत नाहीत. त्यामुळे टाकीत तयार होणारे आम्ल पेलायला काही राहत नाही आणि पाण्याचा सामू अचानक घसरू शकतो. शिवाय घरगुती यंत्र एका लिटरमागे अनेकदा तीन लिटर पाणी सोडून देते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, जेथे पाण्यात विरघळलेले एकूण घटक लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे अशा यंत्रांवर बंदी घालावी, असे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते, ते उगाच नव्हे. येवला, सिन्नरकडे अनेक उन्हाळ्यांत टँकर फिरतात, त्याच जिल्ह्यात गप्पीसाठी चांगले पाणी मोरीत सोडणे शोभत नाही.

तिसरी क्रिया सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे त्याचे नायट्रेट. विनोग्राडस्की यांनी १८९० मध्ये असे जिवाणू वेगळे करून दाखवले. नव्या टाकीत ते पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत अमोनिया साचतो. नव्या टाकीतले मासे बहुधा यानेच मरतात आणि दोष मात्र नळाच्या पाण्याला जातो. आरओचे पाणी येथे काही करत नाही, कारण अमोनिया टाकीतच तयार होतो.

ही क्रिया विकत घेऊन उरकता येत नाही. जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडी आणून विरजण लावावे, तेवढी ती लवकर सुरू होते. सुरुवातीला दोन-तीनच मासे, चिमूटभर खाद्य आणि आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलणे, एवढे पथ्य पाळावे. स्पंज नळाखाली घासून धुणे, ही 'स्वच्छता' तर घातकच. क्लोरीन या जिवाणूंनाही मारतो. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा.

आपण वर्गात शुद्ध पाणी म्हणजे नितळ, काही न मिसळलेले पाणी, असे शिकवतो. माशाची टाकी ती व्याख्या खोडून काढते. म्हणून पुढच्या वेळी मासा मेला तर पाणी ओतून देण्याआधी मुलांना विचारावे : यात नेमके काय जास्त झाले होते, आणि ते कोण काढणार होते?