खंडसीमा आणि नामरूढी : हेरोडोटसच्या एका शंकेची चिकित्सा

युरोप कोठे संपतो आणि आशिया कोठे सुरू होतो, हा प्रश्न सामान्यतः भूगोलाचा मानला जातो. उरल पर्वत, उरल नदी, कॅस्पियन समुद्र, कॉकेशस, काळा समुद्र आणि बॉस्फरसची सामुद्रधुनी अशी एक रेषा शालेय नकाशांतून परिचित झालेली आहे आणि ती निसर्गानेच आखून दिली आहे, असा समज त्यामुळे दृढ होतो. वस्तुतः उरलच्या दोन्ही अंगांस आज एकच भूपट्ट आहे. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी भिन्न भूखंडांच्या टकरीतून हा पर्वत उभा राहिला. म्हणजे भूविज्ञानाच्या दृष्टीने उरल ही जोडाची खूण आहे, विभागणीची नव्हे. मग विभागणी कोणी केली? या प्रश्नाचे उत्तर भूमीपेक्षा नामव्यवहारात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

ही शंका नवी नाही. इ. स. पू. पाचव्या शतकात हेरोडोटसने आपल्या ‘इतिहासा’त ती दोन ठिकाणी मांडली आहे. दुसऱ्या ग्रंथात तो आयोनियन भूगोलकारांचा समाचार घेतो. नाईल नदी ही आशिया आणि लिबिया, म्हणजे आफ्रिका, यांची सीमा मानली, तर त्रिभुज प्रदेशाच्या शिरोभागी ती नदी फुटते आणि मधली भूमी कोणत्याच खंडात बसत नाही. तेव्हा भूगोलकारांनी तीन नव्हे तर चार खंड मोजले पाहिजेत, असा त्याचा आक्षेप आहे. त्याचे स्वतःचे मत असे की इजिप्शियन लोक जेथे राहतात तेवढा सर्व प्रदेश इजिप्त होय. चौथ्या ग्रंथात तो याहून पुढे जातो. पृथ्वी एकच असता तिला तीन नावे का, तीही स्त्रियांची का, आणि सीमा कोणी ठरविल्या, हे आपणास उमगत नाही, असे तो सांगतो. युरोपा ही टायरची कन्या होती. ती फिनिशियातून क्रीटला आणि तेथून आशियातील लिशियाला गेली. ज्या भूमीला तिचे नाव मिळाले तिच्यावर तिचे पाऊलही पडले नाही, हेही तो आवर्जून नोंदवितो.

या दोन उताऱ्यांचे मर्म असे की त्यांत दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र आलेले आहेत. एक रेषेचा, दुसरा नावाचा. रेषेच्या बाबतीत हेरोडोटसची तर्कपद्धती निर्दोष आहे. सीमा म्हणून घेतलेली नदी स्वतः जागा व्यापते आणि व्यापलेल्या जागेस नाव उरत नाही, हे त्याने नेमके हेरले. नावाच्या बाबतीत मात्र तो दारापर्यंत येऊन परत फिरतो. रूढीने आलेली नावेच आपण वापरू, असे म्हणून तो विषय आवरता घेतो. ही नावे कोण कोणास देत होते, हा प्रश्न तो विचारीत नाही. हॅलिकार्नेससमध्ये, म्हणजे आशियाच्या किनाऱ्यावर, जन्मलेल्या या ग्रीक लेखकास तो सुचला नसावा, हे लक्षणीय आहे. एजियन समुद्राच्या दोन्ही तीरांवर ग्रीक बोलली जात होती. नावाने जे तोडले होते ते भाषेने जोडलेलेच होते.

नावांचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. ‘इलियड’मध्ये ‘आशियन’ हे विशेषण लिडियाकडील केस्टर नदीकाठच्या कुरणास लावलेले आढळते. हिटाइट लेखांतील पश्चिम अनातोलियातील ‘अस्सुवा’ या प्रदेशनामाशी ‘आशिया’चा संबंध असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. अपोलोच्या प्राचीन स्तोत्रात ‘युरोप’ हे नाव पेलोपोनीस आणि बेटे वगळून उरलेल्या ग्रीक मुख्यभूमीपुरते आले आहे. दोन्ही नावे एका समुद्राच्या दोन काठांची होती. पुढे काठांमागील भूमी जसजशी ज्ञात होत गेली, तसतसा नावांचा अर्थविस्तार झाला. सीमेचा वाद या विस्तारातूनच उद्भवतो. काठावर असताना समुद्र सीमा दाखवीत होता. खोल भूभागात ती दाखविण्यास कोणी उरले नाही.

‘आशिया’ म्हणजे उगवतीचा देश आणि ‘युरोप’ म्हणजे मावळतीचा, ही सेमिटिक व्युत्पत्ती अद्याप पुष्कळ ठिकाणी दिली जाते. ‘युरोप’च्या बाबतीत ती ध्वनिदृष्ट्या जुळत नाही. शिवाय ती खरी मानली तरी सीमाप्रश्न सुटत नाही. हेरोडोटस एका ठिकाणी फासिस, म्हणजे जॉर्जियातील रिओनी, ही सीमा सांगतो आणि काही जण टॅनाइस, म्हणजे डॉन, ही सांगतात असेही नमूद करतो. फासिस पश्चिमवाहिनी आहे. ती सीमा धरली तर युरोप आशियाच्या उत्तरेस पडतो. डॉन स्थूलमानाने दक्षिणवाहिनी आहे. ती धरली तरच युरोप पश्चिमेस येतो. पूर्व आणि पश्चिम हा ज्या भेदाचा पाया समजला जातो, तो स्वतःच एका नदीच्या निवडीवर अवलंबून आहे.

पुढे शतकानुशतके डॉनची सीमा प्रमाण राहिली. ती उरलकडे सरकली अठराव्या शतकात. फिलिप योहान फॉन श्ट्रालेनबर्ग हा स्वीडिश सैन्याधिकारी 1709 मध्ये पोल्टाव्हाच्या लढाईनंतर कैदी म्हणून सायबेरियात गेला. त्याचा ग्रंथ 1730 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात उरलच्या सीमेचा पुरस्कार आहे. ही कल्पना मूळ आपली, असा दावा रशियन विद्वान तातिश्चेव्ह याने केला. पीटरनंतरच्या रशियास आपले केंद्र युरोपात आणि सायबेरिया ही आशियातील वसाहत, असे चित्र सोयीचे होते. 1775 मध्ये, पुगाचेव्हच्या बंडानंतर, त्या बंडाची स्मृती पुसण्यासाठी ‘याईक’ नदीचे नाव कॅथरिनच्या आज्ञेने ‘उरल’ करण्यात आले. म्हणजे सीमा म्हणून दाखविली जाणारी नदी आपले मूळ नावदेखील राखू शकली नाही.

भाषाभ्यासकाने येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. श्ट्रालेनबर्गच्या त्याच ग्रंथाला 32 लोकसमूहांच्या बोलींतील शब्दांचा तुलनात्मक तक्ता जोडलेला आहे. त्यात हंगेरियन, फिनिश यांच्याबरोबर व्होगुल आणि ओस्ट्याक, म्हणजे मान्सी आणि खांती, एकाच वर्गात घातलेल्या आहेत. मान्सी आणि खांती उरलच्या पूर्वेस ओब नदीच्या खोऱ्यात बोलल्या जातात. हंगेरियन डॅन्यूबच्या काठी. एकाच माणसाने एका हाताने पर्वतावर सीमा आखली आणि दुसऱ्या हाताने ती सीमा ओलांडणारे भाषाकुल मांडले. जगाने पहिली कृती नकाशात घेतली. दुसरी तज्ज्ञांपुरती राहिली.

परिभाषेचाही विचार अगत्याचा आहे. लॅटिन ‘कॉन्टिनेन्स’ म्हणजे एकत्र धरून ठेवणारी, सलग भूमी. मराठीने त्यासाठी ‘खंड’ हा शब्द योजला. त्याचा धात्वर्थ तोडणे. हिंदीतील ‘महाद्वीप’ या शब्दात पाण्याने वेढलेपणाची कल्पना आहे. एका संकल्पनेस सलगता, तुटकपणा आणि जलवेष्टितता असे तीन परस्परभिन्न योगार्थ लाभले आणि युरोप यांपैकी एकातही पुरता बसत नाही. त्याचे खंडत्व केवळ रूढ आहे, यौगिक नाही. उलट धार्मिक संकल्पात जंबुद्वीप, भरतवर्ष, भरतखंड असे उतरत येऊन यजमान गोदावरीच्या कोणत्या तीरावर बसला आहे, हे सांगितले जाते. तेथे नदी बोलणाऱ्याचे स्वतःचे स्थान सांगते, दुसऱ्याचे ठरवीत नाही.

मार्टिन लुइस आणि कॅरेन विगन यांनी 1997 मधील ‘द मिथ ऑफ कॉन्टिनेन्ट्स’ या ग्रंथात खंडविभागणीच्या नैसर्गिकतेचे समर्थ खंडन केले आहे. परंतु विभागणी रूढिजन्य आहे, एवढे सिद्ध केल्याने काम पुरे होत नाही. भाषेतील प्रत्येक चिन्ह रूढिजन्यच असते, म्हणून ते निरर्थक ठरत नाही. बोलींच्या नकाशातही एका शब्दाची सीमा दुसऱ्या शब्दाच्या सीमेशी क्वचितच जुळते; तरी बोलींची नावे उपयोगी पडतात. दोष नाव असण्यात नाही, नावास निसर्गाचा निर्णय समजून त्यावरून माणसांचा निवाडा करण्यात आहे.

हा निवाडा काल्पनिक नाही. 1957च्या रोम करारानुसार कोणत्याही ‘युरोपीय राज्यास’ सदस्यत्वासाठी अर्ज करण्याची मुभा होती. ‘युरोपीय’ या शब्दाची व्याख्या मात्र करारात नव्हती. 1987 मध्ये मोरोक्कोचा अर्ज ते युरोपीय राज्य नाही म्हणून नाकारला गेला. स्पेन तेथून अवघा 14 किलोमीटर दूर आहे. त्याच वर्षी तुर्कस्तानने अर्ज केला व 1999 मध्ये त्यास उमेदवार म्हणून मान्यता मिळाली. भूगोलाच्या पुस्तकांत बहुधा आशियात घातलेला सायप्रस 2004 मध्ये सदस्य झाला. तीन प्रकरणांत एकच शब्द तीन अर्थांनी वावरला. प्रत्येक वेळी बोलले गेले ते मात्र भूगोलाच्या नावाने.

म्हणून हेरोडोटसची शंका पुन्हा हाती घेणे आवश्यक आहे. त्याने जेथे ती सोडली तेथून. युरोप कोठे संपतो, याचे उत्तर देण्यापूर्वी तो कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी संपवावयाचा आहे, हे विचारले पाहिजे. नाईलच्या दोन फाट्यांमधल्या भूमीवर माणसे राहत होती. भूगोलकारांच्या हिशेबात ती कोठेच नव्हती. हेरोडोटसने त्यांच्या देशाची सीमा त्यांच्या वस्तीवरून सांगितली. त्याच्या शंकेपेक्षाही ही पद्धती अधिक मोलाची आहे.